एकोणीस सेकंदांची मॅक्सीन

थॉर्नशॉ या इंग्रजी गावातल्या प्राथमिक शाळेत मॅक्सीन बॅराक्लफ सव्वीस वर्षं स्वयंपाक करत होती. गावातली पस्तिशीच्या आतली निम्मी माणसं तिच्या हातचं खाऊन मोठी झालेली. कोण वाटाणे बाजूला काढून ठेवायचं, कोणाला कस्टर्डवरची साय चालत नव्हती, हे तिला त्यांच्या लग्नानंतरही आठवायचं. दुकानात कुणी दाढीवाला बाप्या पुढे आला की ती म्हणायची, "काय रे, गाजर खातोस का आता?" आणि तो बाप्या लाजायचा.

एवढं सोडलं तर मॅक्सीन बोलकी नव्हती. नवरा गेल्यावर म्हाताऱ्या वडिलांबरोबर राहायची. विल्फ शहाऐंशी वर्षांचा, जन्मभर गिरणीत मागावर काम करून दोन्ही कान गेलेला. घरात बोलायचं तर ओरडावं लागे, म्हणून दोघं फारसं बोलतच नसत.

त्या ऑक्टोबरात टाउन हॉलमध्ये सभा होती. वेशीजवळचं स्टॅग हॉटेल सरकारनं मार्चमध्ये ताब्यात घेतलं होतं आणि तिथे बाहेरदेशातून आसरा मागायला आलेले एकशे ऐंशी पुरुष ठेवले होते. त्यावरून गावात कुजबुज होती, मग कुजबुजीची भांडणं झाली, म्हणून कौन्सिलनं सभा बोलावली. मॅक्सीन गेली ती वडिलांसाठी. सामानाच्या यादीच्या मागे तिनं चार ओळी लिहून नेल्या होत्या. नाव पुकारलं तेव्हा तिनं यादी उलटी केली. उभी राहून तिनं वाचलं ते असं:

"माझ्या वडिलांना दम लागतो. डॉक्टरची वेळ मिळाली ती तीन आठवड्यांनंतरची. अख्ख्या गावाला दोन डॉक्टर. तुम्ही हॉटेलात एकशे ऐंशी माणसं आणलीत आणि बरोबर एक नर्ससुद्धा पाठवली नाहीत. आम्हाला कुणी विचारलं नाही. मी सकाळी सातला कामावर जाते, अंधार असतो. हॉटेलच्या दारात चाळीस परके पुरुष सिगारेट ओढत उभे असतात. मला भीती वाटते, आणि हे बोलायला मला लाज वाटत नाही. पण आमच्या शाळेच्या किचनच्या खिडकीतून त्या हॉटेलचं मागचं अंगण दिसतं. त्यांना जे डबे येतात ते मी कुत्र्यापुढे ठेवणार नाही. निम्मे तसेच कचऱ्यात जातात. तीही कुणाची तरी पोरं आहेत, आणि माझ्याइतकीच भेदरलेली दिसतात. मला ते काम द्या, मी त्यांना नीट जेवू घालीन. तर माझे प्रश्न दोन. डॉक्टर कधी येणार? आणि त्या डब्यांचं कंत्राट कुणाला दिलंय?"

थोड्या टाळ्या पडल्या. अध्यक्ष म्हणाले, नोंद घेतली आहे. मॅक्सीन घरी आली, टोस्टवर बीन्स घालून वडिलांना दिले, आणि झोपली. आपण बोललो याचं तिला जरा बरंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी ती बटाटे सोलत होती तेव्हा शमीम आत आली. शमीमचे आईवडील मीरपूरहून आलेले, पण ती स्वतः याच खोऱ्यात जन्मली, आणि अकरा वर्षं दोघी एकाच ओट्यावर काम करत होत्या. रोज आल्याआल्या ती किटली लावायची. त्या दिवशी कोटही न काढता उभी राहिली आणि फोन पुढे धरला.

"ही तूच ना?"

फोनवर मॅक्सीन होती. मागे टाउन हॉलचा पडदा. ती म्हणत होती, "आम्हाला कुणी विचारलं नाही," आणि तिथून "हे बोलायला मला लाज वाटत नाही" इथपर्यंत. मग खटकन परत पहिल्यापासून. पुढचं काहीच नव्हतं, मागचंही नव्हतं. सगळे मिळून एकोणीस सेकंद.

"पुढचं कुठे गेलं?" मॅक्सीननं विचारलं.

"पुढचं काय होतं?"

मॅक्सीननं सांगितलं. शमीमनं ऐकून घेतलं, कोट काढला, गाजरं घेतली. चार सोलून झाल्यावर, मान वर न करता म्हणाली, "आमचा आदिल वीस वर्षांचा झाला. तोही मित्रांबरोबर कोपऱ्यावर सिगारेट ओढत उभा असतो. त्याला वाटतं मला ठाऊक नाही, पण मला ठाऊक आहे. त्याचीही भीती वाटते का तुला?"

आदिलला मॅक्सीननं पाच वर्षांचा असल्यापासून जेवू घातलं होतं. "नाही" हा शब्द अगदी ओठावर होता. पण अंधारात, लांबून, टोपी ओढलेली पाचसहा पोरं आणि त्यात आदिल असेल तर आपण काय करू, याचा तिनं खराखुरा विचार केला, आणि तिच्यानं खोटं बोलवेना.

"मला माहीत नाही गं," ती म्हणाली.

शमीमनं सुरी खाली ठेवली आणि ती भांडी काढायला मागे निघून गेली. दुपारपर्यंत दोघींत फक्त "मीठ" आणि "झाकण" एवढंच बोलणं झालं.

त्या एकोणीस सेकंदांची दोन रूपं गावभर, मग देशभर फिरली. एकात वर देशाचा झेंडा लावलेला आणि लिहिलेलं, 'अखेर कुणीतरी खरं बोललं.' दुसऱ्यात लाल अक्षरांत, 'ही बाई तुमच्या मुलांना जेवण वाढते.' आत मॅक्सीन तीच, शब्द तेच. एका मोठ्या वर्तमानपत्रानं तिला सामान्यांचा आवाज म्हटलं, दुसऱ्यानं तिला देशाला जडलेल्या द्वेषाच्या रोगाचं लक्षण म्हटलं. दोघांपैकी एकानंही तिला फोन केला नव्हता. फोन येत होते ते अनोळखी माणसांचे. कुणी शिव्या द्यायचं, कुणी शाबासकी. सगळ्यांना तिचा नंबर कुठून मिळाला हे तिला कळेना, आणि शिव्यांपेक्षा त्याचीच तिला जास्त धास्ती वाटली.

शुक्रवारी मुख्याध्यापिका मिसेस क्रॉसली यांनी तिला बोलावलं. दार लावून घेतलं आणि चहा विचारला. त्या कधी चहा विचारत नसत.

"पालकांच्या एकतीस तक्रारी आल्यात, मॅक्सीन. आणि त्रेचाळीस जणांनी तुम्हाला काढू नका म्हणून लिहिलंय. त्यातल्या फार थोड्यांची मुलं या शाळेत आहेत. चौकशी होईपर्यंत तुम्ही घरी बसा. पगार चालू राहील."

"मी संपूर्ण काय बोलले ते तुम्ही ऐकलंत का?"

"मी ऐकलंय हो. मी सभेतच होते, मागच्या रांगेत."

"मग सांगा ना त्यांना."

मिसेस क्रॉसली यांनी आपली कपबशी उचलली. "माझ्या हातात असतं तर," एवढंच म्हणाल्या. कपाखालची बशी बारीक वाजत होती. मॅक्सीनच्या लक्षात आलं, ही बाईसुद्धा घाबरली आहे. त्यानं धीर येण्याऐवजी तिचा होता तो गेला. ज्यांच्या मागे लपायचं तेच लपलेले, मग कुणाकडे बघायचं?

घरी बसल्यावर तिनं पुढच्या खोलीचे पडदे ओढले. दाराच्या फटीतून पत्रं पडली की ती आधी काठीनं सरकवून बघायची. सोमवारी दारावर अंडी फुटली. मंगळवारी उंबऱ्यावर फुलांचा गुच्छ होता, त्यात छोटा झेंडा खोचलेला, चिठ्ठीत लिहिलेलं, 'आम्हाला तू कुठे राहतेस माहीत आहे, तुझ्या केसाला धक्का लागू देणार नाही.' अंडी तिनं गरम पाण्यानं धुतली. गुच्छाला मात्र तिचा हात लागेना. झाडूनं ढकलत ढकलत तो तिनं कचऱ्याच्या डब्यापर्यंत नेला.

एक तरुण पोलीसबाई येऊन गेली. सोफ्याच्या कडेवर बसून तिनं वहीत टिपून घेतलं.

"मी बोलले तो गुन्हा आहे का?" मॅक्सीननं विचारलं.

"नाही, अजिबात नाही."

"मग तुम्ही लिहिताय काय?"

"फक्त नोंद. कुणीतरी कळवलंय म्हणून नोंद ठेवावी लागते. आणि तुमच्या सुरक्षेसाठी सांगते, थोडे दिवस काही बोलू नका, म्हणजे कुठेच."

विल्फनं आपल्या खुर्चीतून विचारलं, "काय म्हणते ती?"

"गप्प बस म्हणते, डॅड," मॅक्सीन ओरडून म्हणाली.

"मी कुठे काय बोललो?" विल्फ म्हणाला.

गुरुवारी लंडनच्या एका चॅनलवरून इमोजेन नावाच्या मुलीचा फोन आला. आवाज मधाळ. म्हणाली, तुमच्यावर अन्याय झालाय, तुमची बाजू तुमच्या तोंडून मांडा, थेट प्रक्षेपण आहे, कुणी काटछाट करू शकणार नाही, चार मिनिटं तुमची. काटछाट होणार नाही या एका शब्दाला मॅक्सीन भुलली. केस नीट केले, पडदा उघडला, पावाच्या डब्याला टेकवून फोन उभा केला. पडद्यावर तिचा एक चौकोन, निवेदकाचा एक, आणि तिसऱ्या चौकोनात विद्यापीठातले कुणी चष्मेवाले गृहस्थ, ज्यांच्याबद्दल तिला कुणी काही बोललं नव्हतं.

"मॅक्सीन, तुमचं तोंड बंद केलं जातंय असं वाटतं का तुम्हाला?" निवेदकानं विचारलं.

"मला डॉक्टरबद्दल बोलायचंय. आमच्या गावात—"

"त्यावर येऊच आपण. पण तुमची नोकरी गेली, ती खरं बोललात म्हणून?"

"नोकरी गेलेली नाही. आणि मी जे बोलले ते अर्धंच—"

तेवढ्यात चष्मेवाले म्हणाले की या बाईंना दोष देता येणार नाही, यांच्यासारख्यांच्या मनात भीती पेरली जाते. निवेदक त्यांच्यावर उसळला. मग ते दोघं एकमेकांवर तुटून पडले. मॅक्सीन शाळेतल्यासारखा हात वर करून बसली. थोड्या वेळानं तिचा चौकोन विझला. इमोजेनचा निरोप आला: फारच छान झालं, मनापासून आभार.

"दिसत छान होतीस पोरी," विल्फ म्हणाला. "बोललीस काय ते ऐकू आलं नाही."

"कुणालाच नाही आलं, डॅड."

त्याच दिवशी क्रेग हॉल्रॉइड दारात आला. छपरं दुरुस्त करणारा, आडदांड, पण बोलणं मऊ. टोपी काढून हातात धरली होती. शनिवारी अकरा वाजता बाजारचौकातून स्टॅग हॉटेलवर त्याला आणि त्याच्या मित्रांना मोर्चा न्यायचा होता आणि मॅक्सीननं पुढे चालावं अशी त्यांची इच्छा होती.

"मला नाही यायचं," मॅक्सीन दाराची साखळी न काढता म्हणाली.

"तुझ्यासाठीच चाललंय गं हे सगळं."

"माझ्यासाठी काही करायचं असेल तर घरी बसा."

क्रेग हसला, रागावला नाही. "तू घाबरली आहेस. समजतं मला. तू नको येऊस. तुझा फोटो नेऊ आम्ही." आणि जाताजाता मागे वळून म्हणाला, "शाळेत तू मला दुसऱ्यांदा कस्टर्ड वाढायचीस. मी विसरलेलो नाही."

दार लावल्यावर मॅक्सीन जिन्याच्या पायरीवर बसली. या माणसाच्या मनात आपल्याबद्दल काही वाईट नाही, आणि तरी तो आपलं तोंड काठीला बांधून नेणार, हे तिच्या डोक्यात मावेना.

शुक्रवारी सकाळी ती मफलर नाकापर्यंत ओढून गावच्या साप्ताहिकाच्या ऑफिसात गेली. साप्ताहिक म्हणजे आता एकटा हॉवर्ड पिकल्स. तो आणि मॅक्सीन एकाच वर्गात होते. बाकीच्या खुर्च्या रिकाम्या, मालक कुठल्यातरी दूरच्या शहरात.

"हॉवर्ड, तू सभेत होतास. तुझ्याकडे सगळं रेकॉर्डिंग असेल. ते लाव ना सगळ्यांसमोर."

हॉवर्डनं चष्मा काढून पुसला, घातला, पुन्हा काढला. "मॅक्सीन, तुला एक सांगायचंय. ते एकोणीस सेकंद मीच कापले."

तिनं मफलर खाली ओढला.

"वाईट हेतू नव्हता गं. वरून हुकूम आहे, रोज तीन व्हिडिओ टाकायचे, वीस सेकंदांच्या आत. तुझं बोलणं त्या सभेतलं सगळ्यात जिवंत होतं. मला वाटलं, लोक ते बघतील आणि मग बातमी वाचतील. बातमीत मी सगळं लिहिलं होतं. डबे, डॉक्टर, सगळं."

"किती जणांनी वाचली?"

"दोनशे सहा."

"आणि ते दुसरं?"

हॉवर्ड पुटपुटला, "चौदा लाख."

मॅक्सीनला वाटलं होतं, हे करणारा कुणी दूरचा, ओळख नसलेला, लबाड माणूस असेल. हा तर हॉवर्ड, पावसात स्वतःची छत्री देणारा. तिनं शिवी दिली नाही. खुर्चीत बसली आणि म्हणाली, "आता माझ्यासमोर सगळं टाक."

त्यानं टाकलं. सात मिनिटांनी मालकाच्या ऑफिसातून फोन आला: शनिवार होईपर्यंत या विषयावर नवं काही नको, वकिलांचा सल्ला आहे. हॉवर्डनं ते काढून टाकलं. काढताना त्याचे कान लाल झाले होते. मॅक्सीननं मफलर पुन्हा नाकापर्यंत ओढला आणि ती उठली.

शनिवारी तिनं वडिलांना नाश्ता दिला आणि मागच्या खोलीत बसून राहायचं ठरवलं. पण अकराच्या सुमारास गलका ऐकू यायला लागला. आधी दुरून, मग वळणावर. तिनं पुढच्या खोलीत येऊन पडद्याची फट केली. दोनअडीचशे माणसं असतील. आणि त्यांच्या डोक्यांवर तिची तोंडं हलत होती, चाळीसपन्नास, उघड्या तोंडाची, कपाळावर आठ्या. खाली लिहिलेलं, 'मला लाज वाटत नाही.'

तिनं कोट घातला. पुढे लोकांनी तिला पुष्कळदा विचारलं, त्या वेळी एवढं धैर्य कुठून आलं. ती म्हणायची, धैर्य कसलं, घरात बसून ते बघत राहण्याची भीती जास्त होती.

ती हॉटेलजवळ पोचली तेव्हा मोर्चा फाटकाशी थांबला होता. समोर पोलिसांची रांग, पलीकडे मोर्चाच्या विरोधात आलेली पन्नाससाठ माणसं ढोल बडवत होती. हॉटेलच्या खिडक्यांचे पडदे ओढलेले. एका पडद्याच्या कडेला चार बोटं तेवढी दिसत होती. मॅक्सीन मोर्चाच्या शेपटाकडून आत शिरली. पहिलाच फलक केली डॉब्सनच्या हातात होता, वाटाणे बाजूला काढून ठेवणारी केली.

"केली, तो माझा चेहरा आहे. दे इकडे."

केलीनं आधी तिच्याकडे, मग फलकाकडे बघितलं. "मॅक्सीन? अगं, तुझ्यासाठीच तर आलोय आम्ही."

"माहीत आहे. पण हे माझं अर्धंच बोलणं आहे. दे तो."

केलीनं दिला. मॅक्सीननं तो काखेत धरला आणि पुढच्याकडे गेली. प्रत्येकाशी बोलताना ती त्याच्याच बाहीला धरत होती. तिचं म्हणणं दर वेळी तेच, "माझा चेहरा आहे, परत द्या." कुणी देत होतं, कुणी हसत होतं, कुणी ओळखतच नव्हतं. परगावाहून आलेला एक जण म्हणाला, "कोण ही म्हातारी? त्यांच्यातली आहे का?" तिच्या काखेत सात फलक जमले होते. क्रेगनं तिला पाहिलं आणि गर्दी बाजूला करत ओरडला, "तिला जाऊ द्या रे." त्याच वेळी कुठून तरी एक वीट उडाली, काच फुटल्याचा आवाज आला, दोन्हीकडची माणसं एकदम फाटकाकडे लोटली, आणि मॅक्सीनच्या पाठीत जोराचा धक्का बसला. ती हातावर पडली. मनगटातून कट्ट असा आवाज तिला स्वतःला ऐकू आला. अंगावर फलक, वरून बूट. कुणीतरी तिला काखेत धरून ओढून काढलं. कुणी ते तिला कळलं नाही.

इस्पितळातल्या अपघात विभागात ती दुपारी दोनपासून बसली. बाकडी भरलेली. शेजारी एक तिशीतला सावळा, किडकिडीत माणूस येऊन बसला. भुवईवर रक्तानं भिजलेला रुमाल धरलेला, केसांत काचेची चूर. तो हॉटेलातला होता हे सांगावं लागत नव्हतं. मॅक्सीननं नकळत पर्स जवळ ओढली, आणि ओढल्याचं तिच्या लक्षात आलं तेव्हा तिला वाटलं जमीन दुभंगावी.

त्यानं ते पाहिलं होतं. तो थोडा पलीकडे सरकला.

तासाभरानं त्यानं यंत्रातून चहा आणला, दोन कप. एक तिच्या बऱ्या हाताशी ठेवला. "साखर माहीत नाही," तो म्हणाला. "घातली नाही."

"मीही घेत नाही," ती म्हणाली.

त्याचं नाव हब्तोम. एरिट्रियाचा. तिच्याकडे निरखून बघत त्यानं फोन काढला आणि तेच एकोणीस सेकंद लावले, खाली त्याच्या लिपीतली अक्षरं. "ही तुम्ही?"

मॅक्सीनला पळून जावंसं वाटलं. पण हात मांडीवर बांधून ठेवल्यासारखा जड झाला होता. "मीच. पण पुढे आणखी होतं."

"काय?"

तिनं तिसऱ्यांदा सगळं सांगितलं, हळूहळू. डब्यांचं आलं तेव्हा हब्तोम हसला, आणि हसल्यानं जखम दुखली म्हणून कळवळला. "जेवण फार वाईट," तो म्हणाला. "खरं आहे ते." मग विचारलं, "आता भीती वाटते? माझी?"

"आता हात दुखतोय," मॅक्सीन म्हणाली. आणि चहाचा घोट घेऊन, "थोडी वाटते. तुमची म्हणून नाही. आता सगळ्यांचीच वाटते."

त्यानं मान हलवली, जणू हे उत्तर त्याला पटलं. "माझा मोठा भाऊ शिक्षक," तो म्हणाला. "सभेत उभा राहिला. एक प्रश्न विचारला. मुलांना सक्तीच्या सैन्यातून घरी कधी सोडणार. एकच प्रश्न. संध्याकाळी गाडी आली. चौदा वर्षं झाली. जिवंत आहे की नाही, आईला माहीत नाही." त्यानं तिच्या सुजलेल्या मनगटाकडे बोट केलं. "तुम्ही दोन प्रश्न विचारले. हात मोडला. पण आज घरी जाणार. आमच्यापेक्षा बरं." मग म्हणाला, "बरं आहे, पण चांगलं नाही."

पाचच्या सुमारास त्याला टाके घालायला बोलावलं. जाताना त्यानं तिचा रिकामा कप उचलून नेला.

दुसऱ्या दिवशी नवा फोटो आला: मॅक्सीन रस्त्यावर पालथी, भोवती तिचीच तोंडं. एका बाजूनं लिहिलं, विरोधकांनी म्हातारीला आडवं केलं. दुसऱ्या बाजूनं लिहिलं, ज्यांनी डोक्यावर घेतलं त्यांनीच तुडवलं. पोलीस आले, वर्तमानपत्रवाले आले, क्रेग आला, ढोलवाल्यांकडची एक बाई आली. सगळ्यांना एकच हवं होतं: कुणी ढकललं?

"मी पाहिलं नाही," मॅक्सीन म्हणाली.

"अंदाज असेल ना."

"पाठीला डोळे नसतात. मी पाहिलं नाही."

यावर दोन्हीकडचे तिच्यावर रागावले. ती आतून त्यांना मिळालेली आहे असं एकीकडे ठरलं, ती अजून घाबरून बोलत नाही असं दुसरीकडे. पण हळूहळू फोन थांबले. कुठल्यातरी दुसऱ्या गावात दुसरं कुणी काहीतरी बोललं होतं.

हॉवर्डनं पुढच्या अंकात सातव्या पानावर, सोफ्यांच्या सेलच्या जाहिरातीशेजारी, तिचं बोलणं पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत छापलं आणि खाली चार ओळींत आपण काय केलं ते कबूल केलं. मालकाला विचारलं नाही. जानेवारीत त्याची नोकरी गेली. खर्च कपात, असं कारण दिलं. मॅक्सीननं त्याला माफ केलं की नाही, हे तिनं कधी सांगितलं नाही. पण ओव्हनमध्ये मांसाच्या सारणाच्या 'पाय' भाजल्या की एक त्याच्याकडे जाते.

चौकशी सात आठवडे चालली. दोष आढळला नाही. परत घेताना तिच्याकडून एक कागद सही करून घेतला, की शाळेची कर्मचारी म्हणून ती सार्वजनिक ठिकाणी वादग्रस्त विषयांवर बोलणार नाही. डावा हात प्लॅस्टरमध्ये होता, उजव्यानं तिनं सही केली.

पहिल्या दिवशी शमीम आधीच आलेली होती. किटली लावलेली. मॅक्सीनच्या वाटचे बटाटे तिनं स्वतःकडे ओढले.

"मी परत विचार केला," मॅक्सीन म्हणाली. "आदिलबद्दल."

"आणि?"

"त्याला म्हणावं, मी जाताना दिसले तर हाक मार. ओळखीचा आवाज आला की भीती जाते."

शमीमनं एक बटाटा पुरा सोलला. "आणि ज्यांचा आवाज ओळखीचा नाही त्यांचं काय?"

"त्यांचं अजून कळलं नाही मला."

"मलाही," शमीम म्हणाली. "आमच्या गल्लीत त्या मोर्चानंतर बायका चारनंतर बाहेर पडत नाहीत. मीसुद्धा. मी कुणाला सांगते का?" मग बटाटे पाण्यात टाकत म्हणाली, "सोलता येत नाही तर निदान ग्रेव्ही तरी ढवळ. एका हाताची कामवाली मिळाली मला."

डिसेंबरात कौन्सिलकडून मॅक्सीनच्या नावे एक पत्र आलं. तिच्या प्रश्नांची नोंद घेण्यात आली असून डॉक्टरांच्या नेमणुकीचा विषय दुसऱ्या खात्याकडे येतो, कंत्राटाचा तपशील व्यापारी गुपित आहे. विल्फला डॉक्टरनं तपासलं, फुप्फुसं थकलीत म्हणाले, एक श्वासाचा पंप लिहून दिला.

मॅक्सीन अजून सातलाच निघते. हॉटेलच्या दारात माणसं असतात. त्यांत हब्तोम असला तर तो हात वर करतो, ती करते. नसला तर ती मान खाली घालून झपझप जाते. बेकरीत रांगेत कुणी सरकार, निवडणूक, समुद्रापलीकडून होड्यांतून येणारी माणसं असा विषय काढला की ती पावाकडे बघत राहते. परवा विल्फनं बातम्या बघताबघता खणखणीत आवाजात विचारलं, "तुला काय वाटतं गं याबद्दल?" मॅक्सीन उठली. खिडकी लावली, पडदा ओढला, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून आली. मग वडिलांच्या कानाशी वाकून तिला जे वाटत होतं ते तिनं सांगितलं, सगळं, अगदी शेवटपर्यंत.

"काय?" विल्फ म्हणाला. "जरा मोठ्यानं बोल."

तिला मोठ्यानं बोलवेना.